‘हे झालंय’ म्हणणारा सीनियर आणि न सुचणारा विषय

ताई, मी ठाण्यात सेकंड इयरला आहे आणि यंदा कॉलेजच्या एकांकिकेची जबाबदारी माझ्यावर आलीये. प्राथमिक फेरीला दोन महिने उरलेत आणि आमच्याकडे विषयच नाहीये. आम्ही नऊ जण रोज संध्याकाळी तलावपाळीला बसतो, विषय शोधायला म्हणून. कोणी काही बोललं की आमचा एक सीनियर म्हणतो ‘हे झालंय’, आणि त्याने खरंच खूप नाटकं बघितलीयत त्यामुळे आम्ही गप्प. मी नेटवर वाचून ब्रेनस्टॉर्मिंगचे नियम सगळ्यांना सांगितले, कोणाच्या आयडियाला नाही म्हणायचं नाही वगैरे, तरी दोघंच बोलतात आणि बाकीचे फोन बघतात. एआयला विचारलं तर त्याने दहा विषय दिले, सगळे ऐकलेले वाटले. आता मला वाटायला लागलंय की आमच्या बॅचमध्ये क्रिएटिव्हिटीच नाहीये. काय करू?
– तलावपाळीवाली

अगं, आधी ते शेवटून दुसरं वाक्य खोडून टाक. कॉलेज, क्लास, घरचं सगळं सांभाळून नऊ मुलं एका नाटकासाठी रोज संध्याकाळी एकत्र येतायत, त्यांच्या डोक्यात काहीच नाही हे मी मानणारच नाही. सुचतंय तुम्हाला, भरपूर सुचत असणार, पण ते तोंडातून बाहेर पडायच्या आत मरतंय, आणि त्याला कारण तुमची बसायची पद्धत आहे. पद्धत बदलता येते, म्हणून मला तुझ्या पत्राची अजिबात काळजी वाटत नाहीये.

तू जे नियम वाचलेस ना, ते ॲलेक्स ऑसबॉर्न नावाच्या अमेरिकन माणसाचे. जाहिरात क्षेत्रातला माणूस, न्यूयॉर्कच्या बीबीडीओ एजन्सीचा भागीदार. १९५३ च्या त्याच्या पुस्तकातून हे जगभर पसरलं. चार गोष्टी सांगितल्या त्याने, की मतं नंतर द्या, संख्येने जास्त काढा, वेड्यावाकड्या कल्पनांना पण येऊ द्या, आणि दुसऱ्याच्या कल्पनेला जोडून पुढे न्या. चारही गोष्टी बरोबरच आहेत. पण लोकांनी त्यातून एवढंच उचललं की सगळ्यांना गोल बसवायचं आणि बोलायला लावायचं, आणि गडबड नेमकी तिथेच होते. १९५८ मध्ये येल विद्यापीठात हे तपासून बघितलं गेलं, चार-चार जणांचे गट एकत्र बसवले आणि दुसरीकडे चार जणांना वेगवेगळं बसवून त्यांच्या कल्पना नंतर एकत्र मोजल्या. वेगवेगळं बसलेल्यांच्या जास्त निघाल्या. गट हरला! पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या दोघांनी याची कारणं शोधली, तर लोक लाजतात, काही जण दुसऱ्याच्या जिवावर निवांत बसतात, हे तर होतंच, पण सगळ्यात मोठं कारण निघालं अगदी साधं, एका वेळी एकच माणूस बोलू शकतो.

आता तुमची तलावपाळी डोळ्यासमोर आण. एक बोलतोय, आठ ऐकतायत. त्या आठातल्या एकीला काहीतरी सुचलंय पण तो थांबेपर्यंत तिला ते डोक्यात धरून ठेवायचंय, धरून ठेवायच्या नादात पुढचं काही सुचत नाही, मधेच भेळवाला येतो, कोणीतरी ओळखीचं भेटतं, विषय बदलतो, आणि तिची पाळी येते तेव्हा तिला स्वतःलाच वाटतं जाऊदे एवढं काही खास नव्हतं. मग ती फोन काढते. फोन बघणारे आळशी नाहीयेत गं, त्यांना शिरायला जागाच मिळत नाहीये. आणि ‘नाही म्हणायचं नाही’ हा नियम तोंडी सांगून पाळला जात नाही, कारण नाही म्हणायला शब्द लागत नाहीत, सीनियरची एक भुवई वर गेली तरी पुरते.

म्हणून बोलणं बंद करा. खरंच. पहिला दिवस लिहायचा ठेवा.

जर्मनीत बर्न्ड रोरबाखने १९६८ मध्ये एक पद्धत मांडली, सहा माणसं, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं, आणि मग कागद शेजारच्याला द्यायचा. त्याने त्याच्याआधीचं वाचायचं आणि खाली स्वतःच्या तीन लिहायच्या, आधीच्यातलं काही पुढे नेऊन किंवा एकदम नवीन. सहा फेऱ्यांत म्हणजे अर्ध्या तासात १०८ नोंदी होतात. तुम्ही नऊ जण आहात, तुमच्या सहाच फेऱ्या केल्या तरी १६२. त्यातल्या दीडशे फेकून द्यायच्या लायकीच्या असू देत की, तुम्हाला एकच हवीये. फुलस्केप घ्या, तीन रकान्यांच्या रेघा मारा, नाव कोणी लिहायचं नाही, फोन एका पिशवीत आणि टायमर तुझ्याकडे. आणि यासाठी तलावपाळी नको, संध्याकाळी तिथे स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, कॉलेजचा रिकामा वर्ग मिळाला तर उत्तम नाहीतर कोणाच्या तरी घरचा हॉल.

कागद फिरला की काय होतं ते दाखवते तुला. समज पहिल्याने लिहिलं, ‘घोडबंदर रोडवरचा टॉवर, लिफ्ट बंद’. बास, एवढंच, आणि हे जर त्याने तोंडी सांगितलं असतं तर तुमच्या सीनियरने लिफ्टमध्ये अडकलेली माणसं झालीयत असं सांगून तिथेच संपवलं असतं, आणि त्याचं चूक पण नसतं. पण कागद पुढे गेला. दुसरीने वाचून लिहिलं, ‘कोणी अडकलेलं नाहीये, बाविसाव्या मजल्यावरून आजोबांना खाली आणायचंय’. तिसऱ्याने लिहिलं, ‘आजोबा शेवटपर्यंत दिसत नाहीत, फक्त जिना दिसतो, त्यांना उचलून आणणारे चार जण आणि प्रत्येक मजल्यावर उघडणारं एक दार’. चौथीने त्यात लिहिलं, ‘दार उघडणारे विचारतात कोण आहे, आणि चौघं प्रत्येक मजल्यावर वेगळं उत्तर देतात’. आता बघ. पहिलं वाक्य कुणीही लिहिलं असतं आणि चौथं वाचून मला पुढे काय होतं ते बघायचंय. ही कल्पना त्या चौघांपैकी कोणा एकाला एकट्याला सुचली नसती, आणि चौघं गोल करून बसले असते तरी आली नसती, कारण पहिल्या वाक्यालाच हसले असते. (ही वापरायची असेल तर खुशाल वापर.)

दुसरी गोष्ट, जी मला पद्धतीपेक्षाही महत्त्वाची वाटते. तुम्ही रोज स्वतःला विचारताय ‘विषय काय घ्यायचा?’ या प्रश्नाला उत्तर कसं येणार, तो केवढा मोठा आहे बघ! असा प्रश्न कानावर पडला की डोकं सरळ भारी भारी शब्दांकडे पळतं, म्हणजे स्त्रीभ्रूणहत्या, शेतकरी आत्महत्या, सोशल मीडिया, एकटेपणा. विषय सगळे खरे आहेत पण ते शब्द आहेत, त्यात माणूस नाहीये. ऑसबॉर्न पण सांगून गेलाय की प्रश्न नेमका आणि छोटा ठेवा. तुम्ही असं विचारून बघा, ठाण्यात पहाटे तीन वाजता जागं कोण असतं आणि का? टँकर यायची वाट बघणाऱ्या सोसायटीत कोण कोणाशी खोटं बोलतं? रात्रीच्या शेवटच्या कर्जत लोकलमध्ये ठाण्याला चढून डोंबिवलीला न उतरलेली बाई कुठे चाललीये? तुमच्या आजीने घरात कोणाला न सांगितलेली एक गोष्ट कोणती असेल? गडकरी रंगायतनच्या आवारात नाटक संपल्यावर सगळे गेले आणि एक माणूस थांबलाय, त्याला काय हवंय? असे दहा-बारा प्रश्न तू आणि अजून एकजण मिळून आदल्या दिवशी काढून ठेवा आणि प्रत्येक फेरीला एक प्रश्न फळ्यावर लिहा. प्रश्न जेवढा अरुंद तेवढं पटापट सुचतं, हे सुरुवातीला पटत नाही पण करून बघशील तेव्हा कळेल.

एकांकिकेत तर अटी आधीच असतात आणि त्यांचा फायदा घ्यायचा सोडून आपण त्यांना शिव्या घालतो. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, सेट झटपट लावायचा आणि काढायचा, बजेट नाही, माणसं आहेत तेवढीच. मग अजून घट्ट करा की! एकच जागा. दोनच माणसं आणि बाकी सात जणांचे फक्त आवाज. रंगमंचावर एकच वस्तू आणि ती तीनदा वेगवेगळ्या कामाला येणार. अशा अटी घातल्या की नेहमीच्या वाटा बंद होतात आणि डोक्याला दुसरीकडून जावंच लागतं.

तरीही अडलात तर चिठ्ठ्या करा, मला स्वतःला ही सगळ्यात आवडते. फ्रिट्झ झ्विकी म्हणून एक स्विस खगोलशास्त्रज्ञ होता, त्याने कुठल्याही प्रश्नाचे भाग पाडून त्यांच्या सगळ्या जोड्या लावून बघायची पद्धत काढली. आपण तीन भाग घेऊ, माणूस, जागा आणि अडचण. प्रत्येकाच्या आठ-आठ चिठ्ठ्या लिहा, तीन वाट्यांत टाका, प्रत्येक वाटीतून एक उचला. आठ गुणिले आठ गुणिले आठ, ५१२ जोड्या होतात नुसत्या चोवीस चिठ्ठ्यांमधून. चिठ्ठ्या मात्र नेमक्या हव्यात, ‘म्हातारा माणूस’ असं लिहू नका, ‘बँड पथकातला निवृत्त क्लॅरिनेटवाला’ असं लिहा, ‘स्टेशन’ नको, ‘ठाणे स्टेशनच्या पुलावर जिथे पावसात पाणी ठिबकतं तो कोपरा’ लिहा. मग कधीतरी निघेल, येऊरच्या गेटवरचा वॉचमन, लग्नाच्या हॉलची मागची खोली, आणि ‘आज रात्रीच सही हवीये’. काय संबंध? काहीच नाही, आणि तो संबंध लावायला म्हणून जी पाच मिनिटं डोकं खाजवाल त्यातच गोष्ट तयार होते. एडवर्ड डी बोनो, ज्याने १९६७ मध्ये लॅटरल थिंकिंग म्हणजे सरळ न जाता आडवाटेने विचार करणं हा शब्द आणला, तो पण असलंच सांगायचा, डोळे मिटून शब्दकोशातला कुठलाही एक शब्द काढा आणि तो आपल्या प्रश्नाला जबरदस्तीने जोडा. माइंडमॅप वगैरे पण आहेत, आवडत असतील तर करा, पण विषय शोधायला मला ते फारसे उपयोगी वाटत नाहीत, विषय मिळाल्यावर पात्रांची नाती मांडायला छान पडतात.

आणि लवकर उठू नका प्लीज. पहिली वीस मिनिटं जे येतं ते सगळ्यांनाच येतं. ठाण्यावर काहीतरी करा म्हटलं की पहिल्या पाचात १८५३ ची बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे येणार, तलाव येणार, मेंटल हॉस्पिटल येणार, आणि तीच यादी शेजारच्या कॉलेजमध्ये पण तयार होतेय. मग एक वेळ येते जेव्हा सगळे थंड होतात, वाटतं संपलं आता. २०२० मध्ये एका अभ्यासात नेमकं हेच दिसलं, लोकांना वाटतं आपल्या कल्पना वेळ जाईल तशा घसरत जातायत, प्रत्यक्षात मात्र त्या घसरत नाहीत, उलट चांगल्या पण होतात. म्हणजे ‘संपलं’ वाटणं ही संपल्याची खूण नाहीच मुळी. तिथे दहा मिनिटं ब्रेक घ्या आणि अजून दोन फेऱ्या काढा, मला वाटतं तुमची एकांकिका त्या दोन फेऱ्यांमध्ये कुठेतरी असेल.

ब्रेकमध्ये चाला. बसून फोन नको. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या ओपेझो आणि श्वार्ट्झ यांच्या प्रयोगात चालताना लोकांना बसलेल्यांपेक्षा जास्त कल्पना सुचल्या, अगदी ट्रेडमिलवर भिंतीकडे बघत चालले तरी. तुमच्याकडे तर तलावपाळीचा आख्खा मासुंदा तलाव आहे चक्कर मारायला, उपवन तलाव आहे. तुम्ही इतके दिवस कट्ट्यावर बसून राहिलात त्याच जागी जर दोघा-दोघांनी फेऱ्या मारल्या असत्या तरी फरक पडला असता. आणि पहिल्या दिवसानंतर एक रात्र मधे जाऊ दे, कितीही घाई असली तरी. ग्रॅहम वॉलास या इंग्रज अभ्यासकाने १९२६ मध्येच लिहून ठेवलंय की आधी डोक्यात भरायचं, मग सोडून द्यायचं, मग कधीतरी अचानक सुचतं, आणि मग तपासायचं. तुम्ही न भरताच अचानक सुचायची वाट बघत बसला होतात.

आता तुमचा सीनियर. त्याच्यावर चिडू नकोस, ज्याने एवढी नाटकं बघितलीयत असा माणूस ग्रुपमध्ये असणं ही मोठी गोष्ट आहे, फक्त तो चुकीच्या दिवशी कामाला लागलाय. त्याला बाजूला घे आणि नीट सांग, दादा, उद्या तूसुद्धा आमच्यासारखंच नाव न टाकता लिही, आणि परवा निवडायच्या दिवशी तुझीच जास्त गरज आहे. मग परवाच्या दिवशी त्याने ‘झालंय’ म्हटलं तर त्याला विचारायचं, काय झालंय दादा, विषय झालाय, शेवट झालाय का मांडणी झालीये? कारण बाप-मुलाचं न पटणं हजार वेळा झालंय आणि उद्या पण होणार, त्यात काही वाईट नाही. पण शेवट जर मागच्या वर्षीच्या एखाद्या एकांकिकेसारखाच असेल तर ते कळायलाच हवं आणि ते तोच सांगू शकतो. हे असं विचारलं की त्याचं ‘झालंय’ तुमच्या उपयोगी पडायला लागतं.

एआयचं पण असंच, वेळ चुकली. १९९१ मध्ये जॅन्सन आणि स्मिथ यांनी डिझाइन करणाऱ्यांना काम द्यायच्या आधी एक नमुना दाखवला, तर त्या लोकांनी त्यातल्या चुकांसकट त्याची नक्कल केली. आधी यादी बघितली की डोकं तिथेच घुटमळतं. तुमच्या १६२ नोंदी होईपर्यंत एआय नको, आणि गाजलेल्या एकांकिकांचे व्हिडिओ पण नकोत. नंतर त्याला हवं तर विचार की आंतरकॉलेज स्पर्धेत सगळ्यात जास्त येणारे विषय कोणते, आणि त्यातलं तुमच्या कागदावर काय काय आहे त्यावर काट मारा. त्या कामाला तो चांगला आहे.

दुसऱ्या दिवशी सगळे कागद कापून एकेक नोंद वेगळी करा आणि जमिनीवर पसरा. जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाची ही पद्धत, आधी कप्पे ठरवायचे नाहीत, न बोलता नुसतं एकमेकांजवळची वाटतात ती कागदं जवळ सरकवत जायची, ढीग आपोआप बनतात आणि मग त्यांना नावं द्यायची. यात एक मजा होते, तुमच्या ग्रुपला खरंच काय सतावतंय ते दिसतं. कदाचित वेगवेगळ्या प्रश्नांना लिहिलेल्या पंधरा नोंदी ‘घर सोडून जाणं’ या एकाच ढिगात येतील आणि हे तुम्हा कोणाला माहितीच नव्हतं. तिथे थांबा, तो ढीग महत्त्वाचा आहे. मग प्रत्येकाने पेनाने तीन ठिपके द्यायचे, आवडलेल्या तीन नोंदींना, एकाच वेळी सगळ्यांनी, म्हणजे कोणाचं बघून कोण देणार नाही.

वर आलेल्या चार-पाच नोंदी ग्रुपबाहेरच्या माणसाला सांगून बघा, नाटकाशी काही संबंध नसलेल्या. धाकटा भाऊ, क्लासचे सर, शेजारच्या काकू. दोन वाक्यात सांगायचं आणि गप्प बसायचं. ‘छान आहे’ म्हणाले तर ती सोडून द्या. ‘मग? पुढे काय झालं?’ म्हणाले तर ती ठेवा. अशा दोन उरल्या की चर्चा बंद करून उभे राहा, दहा-दहा मिनिटं दोन्ही इम्प्रोवाइज करा, संहितेचा एक शब्द नसताना. जी करताना तुमच्या बॅकस्टेजच्या मुलांनी काम सोडून बघितलं ती घ्या. हो, आणि लाइट्सवाला, म्युझिकवाली, सेट लावणारे, सगळ्यांना पहिल्या दिवसापासून लिहायला बसव, नऊ जणांत ते नसतील तर बारा जण बसा, एकाच वर्गात दोन गोल करून. अंधारात बसून रोज आख्खी तालीम बघणाऱ्याला जे दिसतं ते तुम्हा उभ्या राहणाऱ्यांना दिसत नाही.

एकच राहिलं. कागदावर नावं नाहीत म्हणजे कल्पना कोणाची हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही, आणि उद्या एकांकिका गाजली, लेखनाचं बक्षीस आलं की यावरून ग्रुप फुटतात. म्हणून लिहायला बसायच्या आधीच नऊ जणांसमोर ठरवून टाका की प्रवेश अर्जावर कल्पना ग्रुपची म्हणून जाणार आणि लेखक म्हणून ज्याने बसून संहिता लिहिली त्याचं किंवा तिचं नाव जाणार, आणि हे ग्रुपवर मेसेज टाकून सगळ्यांकडून ‘हो’ लिहून घे. मग टायमर लाव.

– ताई